शस्त्रशंका : अफगाणिस्तानातली हेलिकॉप्टरं आणि त्यांची रॉकेटं

प्रश्न : अपाचे या अमेरिकी बनावटीच्या हल्लेखोर हेलिकॉप्टरवर हेलफायरसारखं अचूक क्षेपणास्त्र असताना साधी, अनगाइडेड (सुटल्यावर दिशा न बदलणारी) रॉकेटं वाहून न्यायची गरजच काय होती?

उत्तर : हेलफायर मुळात रणगाडे फोडायला बनलं. एकेकाचं वजन ४५ किलोंच्या पुढे, किंमत भरमसाट आणि अपाचेवर बसतात जास्तीत जास्त १६. याउलट ७० मिलिमीटरचं हायड्रा रॉकेट एम१५१ हे दहा पौंडी वॉरहेड (टोकाचा स्फोटक भाग) धरूनही साधारण साडेदहा किलोंचं. १९ नळ्यांचे चार पॉड (रॉकेटं भरायचे नळ्यांचे जुडगे) लावले की कागदावर ७६ रॉकेटं होतात. 'कागदावर' अशासाठी, की काबूलच सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात तिथली हवा आणखी विरळ होते, इंजिनाची ताकद आणि रोटरची उचल दोन्ही घटतात. भरलेला एक पॉड सव्वादोनशे किलोंच्या घरात जातो, म्हणजे तेवढं इंधन कमी, आणि खाली अडकलेल्या तुकडीच्या डोक्यावर घिरट्या घालायला वेळही कमी. म्हणून पॉड कमी आणि माल मिश्र, अशी मांडणी सोयीची ठरे.

शिवाय रॉकेट म्हणजे फक्त स्फोट नव्हे. एम२५७ वॉरहेड पॅराशूटवर लोंबकळत जळतं आणि खालचा मुलूख उजळतं. एम२७८ तसंच, पण त्याचा उजेड इन्फ्रारेड, रात्रीच्या दुर्बिणीलाच दिसणारा. लक्ष्यावर खूण करायला धुराची वॉरहेडं असतात. ही कामं हेलफायरची नव्हेत.

प्रश्न : नेम धरून डागलेलं रॉकेट बाजूला का जातं?

उत्तर : रॉकेटची मोटर, म्हणजे त्याला ढकलणारं इंजिन, जेमतेम सेकंदभर जळते. नळीतून बाहेर पडताना रॉकेटचा वेग अजून कमी असतो, मागचे गुंडाळलेले पंख नुकते उघडत असतात आणि नेमका तेव्हाच रोटरचा खाली येणारा झोत त्याला गाठतो. पंख शेपटाला असल्यामुळे रॉकेट समोरून येणाऱ्या हवेकडे तोंड वळवतं. हेलिकॉप्टर हवेत स्थिर असेल तर ही हवा वरून येते, म्हणून नाक वर उचललं जातं आणि रॉकेट लक्ष्याच्या पलीकडे पडतं. आडव्या वाऱ्यात गंमत अशी, की मोटर जळत असेपर्यंत रॉकेट वाऱ्याच्या दिशेला घुसतं आणि ती विझली की वाऱ्याबरोबर वाहवत जातं. कोन एका अंशानं चुकला तरी तीन किलोमीटरवर पन्नासएक मीटरांचा फरक पडतो.

यावर उपाय म्हणजे पुढे उड्डाण करत, शक्यतो सूर मारत डागणं. वेग असला की रोटरचा झोत मागे राहतो. दुसरा फायदा भूमितीचा आहे. उथळ कोनातून डागलेल्या रॉकेटांचा सडा जमिनीवर लांबट पसरतो, सूर जितका तीव्र तितका तो आखूड होतो. अफगाणिस्तानात एका जागी थांबणं तसंही आरपीजीला (खांद्यावरून डागायच्या रॉकेटला) आमंत्रण होतं.

पॉड ज्या पायलनवर (बाजूच्या आखूड पंखांखालच्या आधारांवर) टांगलेले असतात ते अपाचेत वरखाली हलतात, डावीउजवीकडे नाही. बाजूची दुरुस्ती म्हणजे अख्खं हेलिकॉप्टर वळवणं. म्हणून मागचा पायलट डोळ्यासमोरच्या पडद्यावरची रॉकेटची खूण जुळवत यंत्र सरळ रेषेत आणतो आणि पुढचा गनर लक्ष्य धरून लेझरनं अंतर मोजतो. यंत्र जरा तिरकं घसरत असेल तर पडद्यावर सगळं जुळूनही रॉकेट बाजूला जातं, आणि हा दोष दोघांपैकी कुणालाच पटकन लक्षात येत नाही.

प्रश्न : फ्लेशेट म्हणजे काय? ते सगळीकडे का वापरलं नाही?

उत्तर : फ्लेशेट म्हणजे शेपटीला पंख असलेले लहान बाण. अमेरिकी एम२५५ए१ वॉरहेडमध्ये ६० ग्रेनचे, म्हणजे जेमतेम चार ग्रॅमचे, १,१७९ पोलादी बाण असतात. ब्रिटिश अपाचे २००६ पासून दक्षिण अफगाणिस्तानातल्या हेलमंड प्रांतात कॅनडाची सीआरव्ही७ रॉकेटं वापरत. त्यांच्या फ्लेशेट वॉरहेडमध्ये टंगस्टनचे ८० मोठे बाण. वॉरहेड लक्ष्याच्या अलीकडेच उघडायला हवं, म्हणून अंतर चुकलं तर बाणांचा झुबका भलतीकडे जातो. उघड्या रानात, झाडीत ते परिणामकारक. मातीच्या जाड भिंतींच्या वस्तीत निरुपयोगी आणि आसपास माणसं असतील तर वापरूच नये असं.

प्रश्न : बटण दाबूनही रॉकेट सुटलं नाही तर?

उत्तर : कारण बहुधा मागच्या विद्युत संपर्कात असतं, वाकलेला किंवा धूळ बसलेला. म्हणून भरण्याआधी संपर्क पुसतात, नळीत भटका विद्युतदाब नाही ना हे मोजतात आणि रॉकेट आत गेल्यावर खटका खाचेत बसल्याची खात्री करतात. हवेत असताना नाक सुरक्षित दिशेलाच धरून थांबावं लागतं, कारण मोटर उशिरानं पेटू शकते. आणखी एक चूक यापेक्षा छुपी. पॉडच्या कोणत्या गटात कोणतं वॉरहेड आहे हे संगणकाला सांगावं लागतं. ते चुकलं तर रॉकेट छान सुटतं, फक्त गणित दुसऱ्याच रॉकेटचं असतं.

प्रश्न : लेझरवर चालणारी रॉकेटं नंतर आली म्हणतात, ती कशी?

उत्तर : जुलै २००९ मध्ये आयसॅफचे (अफगाणिस्तानातल्या नाटोच्या नेतृत्वाखालील फौजेचे) प्रमुख जनरल मॅकक्रिस्टल यांनी राहत्या घरांवरच्या हवाई माऱ्याला कडक मर्यादा घातल्या. सडा पाडणाऱ्या शस्त्राला तिथे जागा उरली नाही. अमेरिकी मरीन दलानं २०१२ मध्ये एपीकेडब्ल्यूएस, म्हणजे लक्ष्यावर पडलेल्या लेझरच्या ठिपक्याकडे वळणारं हायड्रा रॉकेट, अफगाणिस्तानात आणलं. यात मोटर आणि वॉरहेड यांच्या मधोमध एक भाग आटे फिरवून बसवतात. त्याचे चार पंख सुटल्यावर उघडतात, आणि लेझर पाहणारी भिंगं त्या पंखांवरच असतात. डोळा नाकावर नसल्यामुळे जुनी वॉरहेडं आणि फ्यूज (स्फोट घडवणारे खटके) तसेच चालतात. ही युक्ती फार हुशारीची आहे.

अडचणी मात्र लेझरच्याच. कोणत्या लेझरचा ठिपका आपला हे रॉकेटला सांगणारा कोड जमिनीवर, भरण्याआधी लावायचा असतो. लेझर मारणाऱ्याचा कोड वेगळा असेल तर रॉकेट आंधळंच. धुळीत किरण विखुरतो. आणि ठिपका भिंतीच्या कडेवर धरला तर त्याचा निम्मा भाग मागच्या घरावर पडतो.

प्रश्न : फ्रेंच टायगर हेलिकॉप्टरांकडेही हीच रॉकेटं होती का?

उत्तर : नाही. २००९ मध्ये काबूलला आलेल्या टायगरांच्या नळ्या ६८ मिलिमीटरच्या होत्या, त्यामुळे अमेरिकी साठ्यातून त्यांना उसनवारी करता येत नव्हती. ब्रिटिशांचं सीआरव्ही७ मापानं ७० मिलिमीटरचंच, पण मोटर जास्त जोरकस, मार्ग जास्त सपाट, म्हणून संगणकात त्याची कोष्टकं वेगळी भरावी लागत.