द्रवपृष्ठावरील मंद इलेक्ट्रॉन: सुरुवात कुठून करावी

द्रवावर प्रकाश टाकून त्यातून सुटणाऱ्या मंद (कमी ऊर्जेच्या) इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजण्याचा विषय तुम्ही उत्तम निवडला आहे. सुरुवातीला मोजक्याच गोष्टींकडे लक्ष द्या.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शोधकाकडे (इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या उपकरणाकडे) पोहोचलेला इलेक्ट्रॉन द्रवातून सुटताना होता तसाच राहिलेला असतो, असे गृहीत धरू नका. पाण्यात सुमारे 10 इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ऊर्जेचे अतिसूक्ष्म एकक) कमी गतिज ऊर्जा असलेले इलेक्ट्रॉन रेणूंच्या कंपनांना थोडी थोडी ऊर्जा देत बाहेर येतात. त्यामुळे वर्णपटातील (कोणत्या ऊर्जेचे किती इलेक्ट्रॉन आले हे दाखवणाऱ्या आलेखातील) शिखर रुंदावते, सरकते आणि शेपटासारख्या पार्श्वभूमीत मिसळून जाते. नवखे अभ्यासक नेमके तेच शिखर बंधनऊर्जा (इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा) म्हणून वाचतात. शक्य असेल तिथे अधिक ऊर्जेच्या फोटॉनने (प्रकाशकणाने) तेच मापन पुन्हा करून पाहा, म्हणजे इलेक्ट्रॉन अधिक वेगाने बाहेर येतील.

दुसरी चूक विद्युतभाराची. निर्वातात सोडलेली काही दहा मायक्रोमीटर जाडीची शुद्ध पाण्याची धार वाहतानाच भारित होते, म्हणून पाण्यात किंचित मीठ विरघळवा आणि धार विद्युतदृष्ट्या भूमीशी जोडलेली असल्याची खात्री करा. धारेभोवतीची वाफही इलेक्ट्रॉन विखुरते, तेव्हा शोधकाचे प्रवेशद्वार धारेच्या शक्य तितके जवळ असू द्या. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र अडवणारे आवरण विसरू नका. मंद इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानेही वळतात.

विखुरण्याची संगणकीय प्रारूपे तूर्त बाजूला ठेवा. आधी वायुरूप पाण्याचा वर्णपट नीट घ्या, कारण त्याची 12.6 इलेक्ट्रॉनव्होल्टची आयनीकरण ऊर्जा (रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी किमान ऊर्जा) पक्की ठाऊक आहे आणि तिच्याशी तुमची मोजणी पडताळता येते.