विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर : नक्की कसलं बिऱ्हाड?

प्रश्न असा होता की विंचवाच्या पाठीवर गोगलगायीसारखा शंख नसतो, मग सतत जागा बदलणाऱ्या माणसाला ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ का म्हणायचं, ‘गोगलगायीचं’ का नाही?

खरी गंमत बिऱ्हाड या शब्दात आहे. बिऱ्हाड म्हणजे फक्त राहायची जागा नाही, तर त्या जागेत राहणारी माणसंसुद्धा. चाळीत दहा बिऱ्हाडं राहतात असं म्हणतो तेव्हा आपण खोल्या मोजत नाही, कुटुंबं मोजतो. ‘सगळं बिऱ्हाड घेऊन लग्नाला आला’ यात तर जागेचा संबंधच नाही. शिवाय या शब्दात कायमचं घर नसतं, बिऱ्हाड करतात, हलवतात, बिऱ्हाडकरू म्हणजे भाडेकरू. कानडीतही बिडार म्हणजे तात्पुरती उतरायची जागा.

आता विंचवाकडे या. विंचू अंडी घालून निघून जात नाही, मादीला थेट जिवंत पिल्लं होतात, एकामागून एक, आणि ती पुढचे पाय खाली जवळ घेऊन त्यांना झेलते, मग पिल्लं त्याच पायांवरून चढून पाठीवर जाऊन बसतात. जातीप्रमाणे दहा-वीस ते शंभराच्या आसपास असू शकतात! पांढरट, मऊ, एकमेकांना चिकटून बसलेली. या वयात त्यांच्या पायांना नख्या नसतात, चिकटून राहायला छोट्या गाद्या असतात, शिकार करता येत नाही, नांगी पण कामाची नसते. एखादं पडलंच तर परत पायावरून वर चढतं. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत पहिली कात टाकली की अंग कडक होतं, नख्या येतात, आणि मग एकेक करून उतरून आपापल्या वाटेला लागतात. तोवर आई जिथे जाईल तिथे सगळं बिऱ्हाड बरोबर. ज्याने कुणी हे पहिल्यांदा शेतात दगड उचलताना बघून बिऱ्हाड म्हटलं त्याच्या नजरेला आणि मराठीला माझा खरंच सलाम आहे, इतका नेमका शब्द दुसरा सापडणार नाही.

पिल्लं आईची पाठ खातात आणि ती मरते हे सगळीकडे सांगितलं जातं, फॉरवर्डमध्ये पण फिरतं. ते खरं नाही. पाठीवर असताना ती काहीच खात नाहीत, जन्मताना अंगात असलेल्या बलकावर जगतात, आणि आई पुढेही जगते, पुन्हा वितेही. उलट फार उपासमार झाली किंवा कुणी डिवचलं तर कधीकधी आईच एखादं पिल्लू खाते. त्यामुळे या म्हणीत ‘मुलांनी आईला खाल्लं’ असा अर्थ घुसवू नका, तसा तो नाही.

काहींनी विचारलं की हे सगळं मादी करते तर ‘विंचवाचं’ असं पुल्लिंग का. मराठीत विंचू, साप, उंदीर ही अख्ख्या जातीची नावंच पुल्लिंगी आहेत, मुंगी आणि पाल स्त्रीलिंगी, त्यात नर-मादीचा हिशोब नाही. नर तर मीलनानंतर पिल्लांच्या वाट्यालाही जात नाही.

आता वापराबद्दल माझं मत. हल्ली एकटा मुलगा सॅक पाठीला लावून ट्रेकला निघाला तरी ही म्हण वापरतात. चूक म्हणणार नाही, कारण सुटसुटीत सामानात राहणारा, एका जागी न टिकणारा हा अर्थ रूढ झालाय. पण म्हणीचा पूर्ण अर्थ लागतो तो लेकराबाळांसकट मुक्काम हलतो तिथे. बीडकडून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणारी कुटुंबं बघा, पोरं, भांडी, कधी जनावरंसुद्धा बरोबर, कारखान्याच्या हद्दीत कोपी म्हणजे तात्पुरती झोपडी उभी करायची आणि हंगाम संपला की उठायचं, किंवा मेंढरं घेऊन फिरणारे धनगर, घोड्यावर संसार आणि त्यावरच लहान मूल बांधलेलं. बदलीच्या नोकरीत बायको-मुलांना घेऊन दर तीन वर्षांनी गाव बदलणाऱ्यालाही चपखल बसते. एकट्या माणसासाठी मी तरी ‘फिरस्ता’ किंवा ‘सडाफटिंग’ म्हणेन.