शंका-समाधान : लंबक उलटा का सरकला?

प्रश्न : शाळेच्या सभागृहात फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोचा लंबक टांगला (याच्या झोक्याची दिशा हळूहळू सरकते, त्यावरून पृथ्वी फिरते हे दिसते). तार ८ मीटर, वजन म्हणून गोळाफेकीचा ७.२६ किलोचा गोळा, टांगायला पंख्याचा हूक. गोळा ४० सेंटिमीटर ओढून हाताने सोडला. तासाभरात झोक्याची दिशा ६ अंश सरकली खरी, पण घड्याळाच्या काट्यांच्या उलट! मुलांना काय सांगायचे? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : तुमच्या लंबकाने पृथ्वीऐवजी हूक मोजला, असे सांगा. उत्तर गोलार्धात वरून पाहिल्यास झोका काट्यांच्याच दिशेने सरकायला हवा. किती, तर तासाला १५ अंश गुणिले अक्षांशाची साइन (त्रिकोणमितीतले गुणोत्तर). साताऱ्याला (१७.७ अंश) हे साधारण साडेचार अंश भरते, पॅरिसला ११, विषुववृत्तावर शून्य.

आता गोम पाहा. गोळा मध्यबिंदूवरून न जाता १ सेंटिमीटर बाजूने गेला, तर तो चिंचोळ्या लंबवर्तुळात फिरू लागतो. हे लंबवर्तुळ स्वतःच वळते आणि तुमच्या मापांत तो वेग तासाला सुमारे ५ अंश येतो, म्हणजे पृथ्वीच्या वाट्यापेक्षा जास्तच. गोळा ज्या बाजूने फिरतो त्याच बाजूला ते वळते. गोळा काट्यांच्या उलट फिरत दोनेक सेंटिमीटर बाजूने जात असेल, तर ११ अंश उलटे, साडेचार सुलटे; हिशेब जुळला.

हे लंबवर्तुळ दोन ठिकाणांहून येते. एक, हाताने सोडताना बोटांचा बाजूला बसलेला हलका धक्का. दुसरे, हूक. त्यात तार एका दिशेने मोकळी डोलते, आडव्या दिशेने घासते. दोन दिशांना लंबकाची परिणामी लांबी वेगळी पडते आणि सरळ झोकाही फाकतो.

हुकाऐवजी ड्रिल मशीनचा चक (बिट घट्ट धरणारा जबडा) छताला पक्का बसवा आणि १ मिलिमीटरची स्प्रिंग स्टीलची तार त्यात आवळा. तारेला पीळ किंवा घडी नको. गोळ्याचे भोक लेथवर बरोबर मधून पाडून घ्या. पंखे, खिडक्या बंद. गोळा सुती दोऱ्याने मागे बांधा, पाच-दहा मिनिटे पूर्ण स्थिर होऊ द्या आणि दोरा काडीने जाळा. कापला की धक्का बसतोच. शेवटी प्रयोग चार वेगवेगळ्या दिशांना झोका देऊन करा आणि सरासरी घ्या. चारही आकड्यांत फार तफावत आली, तर टांगणी अजून बिघडलेलीच आहे. झोका लहान होत जातो, म्हणून टोकाचे अंतर न मोजता जमिनीवर आखलेल्या वर्तुळावर कोन वाचा.

प्रश्न : पृथ्वी फिरते हे आर्यभटाने सांगितलेच होते. मग फुकोचे एवढे कौतुक कशाला?

उत्तर : आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास नावेचा दृष्टान्त दिला : नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, तसे तारे पश्चिमेला जाताना दिसतात. पण वराहमिहिराने विचारले की, पृथ्वी फिरत असेल तर उडालेले पक्षी घरट्याकडे परत कसे येतात? शंका बिनबुडाची मुळीच नव्हती. हवा आणि पक्षी पृथ्वीचा वेग घेऊनच फिरतात, हे उत्तर द्यायला जडत्वाची (चालती वस्तू आपला वेग आपणहून सोडत नाही, ही) कल्पना लागते. ती सतराव्या शतकात रुजली.

१८५१ पर्यंत विद्वानांना शंका उरली नव्हती. जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणीत १५८ मीटर खोल गोळ्या टाकून त्या सुमारे २८ मिलिमीटर पूर्वेला पडतात, हेही १८३१ मध्ये मोजून झाले होते. पण ते पाहायला खाणीत कोण उतरणार? फुकोने जानेवारी १८५१ मध्ये घराच्या तळघरात २ मीटर तारेला ५ किलोचा गोळा बांधून प्रयोग साधला आणि त्याच वर्षी पॅरिसच्या पँथिऑन या भव्य इमारतीत ६७ मीटर तारेवर २८ किलोचा लंबक सोडला. आकाशाकडे न बघता, छपराखाली उभे राहून पायाखालची जमीन वळताना दिसते, हे सामान्य माणसाला तिथे प्रथम कळले. तार एवढी लांब घेतल्याने लंबवर्तुळाचा त्रासही नगण्य झाला. भव्यता नुसती दिखाऊ नव्हती.

प्रश्न : संग्रहालयांतले लंबक थांबत नाहीत. आत मोटर असते का? मग तो पुरावा कसला?

उत्तर : बहुतेक ठिकाणी विद्युतचुंबक असतो. तो मध्यबिंदूच्या बरोबर खाली बसवतात. गोळा जवळ येताना ओढतो आणि मध्यावर पोहोचताच बंद होतो. ओढ झोक्याच्याच रेषेत असल्याने दिशा बदलत नाही. चुंबक मध्यापासून सरकला, तर मात्र तोच लंबवर्तुळ तयार करतो. म्हणून तारेभोवती वर एक कडे बसवतात. टोकाला तार त्याला टेकते आणि बाजूची हालचाल मरते. दिल्लीच्या नव्या संसद भवनातला लंबक पाहिलात तर वेळ मोजा : तिथे झोक्याच्या दिशेला पूर्ण फेरीसाठी ५० तास लागायला हवेत, पुण्यात ७५.