घरचं पोरगं कुणाच्या टीमला?

प्रश्न: पुतण्या अमेरिकेत अलाबामाला शिकतो, तो म्हणतो तिथली दोन कॉलेजं राज्यातल्याच पोरांसाठी भांडतात. फुटबॉलसाठी एवढं? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर: काका, तो फुटबॉल आपला नव्हे, लांबट बॉल हातात धरून पळायचा खेळ. अलाबामा आणि ऑबर्न या त्याच दोन कॉलेजांची खुन्नस १८९३ पासूनची, मधी तर १९०७ नंतर थेट १९४८ लाच मॅच झाली! घरचं पोरगं समोरच्याकडं गेलं की तोटा डबल, आपलं गेलंच वर तेच दरवर्षी आपल्यावर चाल करून येणार, म्हणून कोच शाळेच्या मॅच बघतात, घरी जाऊन आईवडलांना भेटतात, आणि पोरगं तोंडी हो म्हणालं तरी सही होईपर्यंत काय खरं नसतं. जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, त्यानं चढाओढ अजूनच वाढली.

आपल्याकडं कबड्डीत तेच की. एका रेडरच्या घरी मी बसलेलो, दोन कॉलेजचे सर समोर, आणि त्याची आई चहाचा ट्रे हातात तसाच धरून एवढंच विचारत होती, गुडघा गेला तर फी कोण भरणार? मला तोच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो.