माळ्यावर वडिलांच्या जुन्या स्पेक्ट्रम कॉम्प्युटरच्या कॅसेट सापडल्या. त्यातली चित्रं काढून त्यांच्या एकसष्टीला छापून देता येतील का?

हो, निघतात. टेपरेकॉर्डर आताच्या कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडा आणि आवाज रेकॉर्ड करा: ४४,१०० हर्ट्झ, मोनो, वेव्ह फाइल. एमपी३ नको आणि खरखर काढणारा फिल्टर तर मुळीच नको, ती खरखर म्हणजेच तुमचं चित्र. आवाज बसका येत असेल तर हेडचा स्क्रू किंचित फिरवून बघा. मग त्या वेव्हची टीझेडएक्स, म्हणजे स्पेक्ट्रमच्या टेपची फाइल करून फ्यूजमध्ये, म्हणजे आताच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालवा, पण फास्ट लोडिंग बंद ठेवून.

का, ते सांगतो. १९८८, मी आठवीत. घरी डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे भारतात बनलेला स्पेक्ट्रम, आणि टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. आईच्या दोसुतीच्या नमुन्यांचा आलेख कागद घेऊन मी दारचं तुळशीवृंदावन काढलं, दिव्यासकट. स्पेक्ट्रमवर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग, त्यामुळे ज्योत पानांच्या चौकटीत येऊ नये म्हणून अख्खी तुळस तीन ठिपके डावीकडे सरकवली. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

गेल्या मे महिन्यात ती कॅसेट चालली. लोड व्हायला पाऊण मिनिट. आधी नुसते ठिपके येतात, म्हणजे मला आठवत होतं तसं काळंपांढरं चित्र. ६९१२ बाइटांपैकी शेवटचे ७६८ रंगांचे. ते आले आणि वृंदावन जांभळं, तुळस आकाशी! हे रंग मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.

दादा शेजारीच होता. म्हणाला, "तुला तेव्हाही रंग कळत नव्हते." इंटरमिजिएटला सी ग्रेड आली तेव्हाही हेच म्हणाला होता.

कळत होते. स्पेक्ट्रमचे रंग ० काळा ते ७ पांढरा असे उजेडाच्या क्रमाने आहेत. वृंदावन ३. ४ म्हणजे हिरवा हे मला पाठ होतं, पण ३ ला चिकटून ४ दिला की आमच्या टीव्हीवर दोन्ही एकच राखाडी. म्हणून ५. दादाने मोबाइलवर तुळस हिरवी केली, कडा गुळगुळीत केल्या आणि घरच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी बदाम पाठवले. मी ग्रुप म्यूट केला आहे.

तुम्ही वडिलांच्या चित्रांचं असलं काही करू नका. छापताना दुप्पट, चौपट, आठपट असंच मोठं करा, स्मूदिंग बंद ठेवून. आणि आधी विचारा, टीव्ही कोणता होता. रंगीत असेल तर माझं हे सगळं तुम्हाला लागू नाही.

हो, टेपवर पांढरी बुरशी दिसली तर वरचं काहीच करू नका, आधी ती साफ करून घ्या.