वाचकांचे प्रश्न : विझलेल्या भट्टीचं वय

भाजलेल्या मातीतील चुंबकत्वावरून काळ ठरवण्याच्या पद्धतीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न व त्यांची उत्तरं.

मातीच्या चुलीत तारीख कशी काय नोंदली जाते? (एक वाचक, सातारा)

तारीख नोंदली जात नाही, दिशा नोंदली जाते. हा फरक आधी पक्का करून घ्या, कारण या पद्धतीबद्दलचे बहुतेक गैरसमज इथूनच निघतात.

जवळपास प्रत्येक मातीत मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट या लोहखनिजांचे बारीक कण असतात. मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसला आणि हेमॅटाइट सुमारे ६७५ अंशांना आपलं जुनं चुंबकत्व पूर्णपणे गमावतं. भट्टी विझून माती निवू लागली, की हे कण त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने पुन्हा चुंबकित होतात आणि तसेच राहतात. क्षेत्राची दिशा मात्र सतत सरकत असते. लंडनमध्ये १५८० साली होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या ११ अंश पूर्वेला होती. १६६०च्या सुमारास ती बरोबर उत्तरेला आली, १८२०च्या आसपास २४ अंश पश्चिमेला गेली आणि २०१९मध्ये परत उत्तरेवर आली. म्हणून भट्टीतली दिशा मोजायची आणि त्या प्रदेशात क्षेत्र कधी कुठे होतं याच्या आलेखावर ती बसवायची. तारीख त्या आलेखातून मिळते. आलेखच कच्चा असेल, तर प्रयोगशाळेने कितीही काटेकोर मोजलं तरी उपयोग नाही.

आणखी एक मुद्दा. मिळतो तो शेवटच्या मोठ्या जाळाचा काळ, भट्टी बांधल्याचा नव्हे. शेवटचा जाळ ३०० अंशांपर्यंतच गेला असेल, तर चुंबकत्वाचा तेवढाच भाग नवा होतो आणि उरलेला आधीच्या जाळाचा राहतो. प्रयोगशाळेत हे दोन्ही भाग वेगळे काढता येतात.

उत्खननात भाजलेली चूल मिळाली तर नमुने कसे घ्यायचे? दिशेसाठी मोबाइलमधलं होकायंत्र चालेल का? (पुरातत्त्वाची विद्यार्थिनी, पुणे)

मोबाइल चालणार नाही. त्याच्या स्पीकरमध्येच चुंबक असतो. आणि दख्खनच्या पठारावर साधं होकायंत्रसुद्धा बेभरवशाचं, कारण इथला बेसॉल्ट स्वतःच चांगला चुंबकित आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द कास्त्रो याला १५३८ साली वसईजवळ खडकामुळे सुई हलत असल्याचं आढळलं होतं. चुलीखाली किंवा कडेला काळा दगड असेल, तर सुई कित्येक अंश चुकू शकते, आणि आपल्याला एखाद्या अंशाची चूकही परवडत नाही.

त्याऐवजी सूर्याचा आधार घ्या. सपाट पट्टीवर उभी सुई रोवून तिची सावली आखायची, वेळ मिनिटापर्यंत लिहायची आणि जागेच्या अक्षांश-रेखांशांवरून त्या वेळची सूर्याची दिशा गणिताने काढायची. सूर्य माथ्याजवळ असताना त्याची दिशा झपाट्याने बदलते आणि सावलीही तोकडी पडते. म्हणून हे काम सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी तीननंतर करावं. ढगाळ दिवशी अचूक जीपीएसने दोन खुणांमधली रेषा आखता येते. खुणा १०० मीटर अंतरावर असतील आणि जागेत ५ सेंटिमीटर चूक असेल, तर दिशेत जेमतेम ०.०३ अंश फरक पडतो.

आता नमुने. चूल उचलायच्या आधी, जागेवरच घ्यायचे. एकदा जागेवरून हललेला तुकडा दिशेच्या कामातून बाद. कुंच्याने पृष्ठभाग स्वच्छ करा. तडे, मुळं, उंदराची बिळं असलेला भाग सोडून द्या. चांगल्या भाजलेल्या, निदान दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या भागातून बारा ते सोळा नमुने घ्या. ते एकाच कोपऱ्यातून न घेता सगळीकडे पसरून घ्या.

माती घट्ट असेल, तर २५ मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची चकती लवकर सुकणाऱ्या इपॉक्सीने चिकटवतात. खाली प्लॅस्टिसिनचं (खेळायच्या मऊ मातीचं) छोटं कडं करून त्यावर चकती बसवायची, वर गोल लेव्हल (बुडबुड्याची पातळी) ठेवून ती पूर्ण आडवी करायची, गोंद धरला की चकतीवर सूर्यावरून आलेली रेघ आखायची आणि नमुन्याचा क्रमांक घालायचा. एवढं झाल्यावरच खालची माती कापून चकतीसकट तुकडा सोडवायचा. माती ठिसूळ असेल, तर आधी ॲसिटोनमध्ये १० टक्के पॉलिव्हिनाइल ॲसिटेट विरघळवून ते मुरू द्या. किंवा नमुन्याभोवती माती कोरून त्याचा छोटा खांब उभा ठेवा, वर प्लास्टर ऑफ पॅरिस ओता आणि ते ओलं असतानाच काचेच्या तुकड्याने लेव्हल करा.

बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त लेव्हलमध्ये. गोंद धरण्याआधी हात लागतो, चकती दोन अंश कलते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. काही वेळा भट्टीच हललेली असते. भिंती बाहेर झुकतात, तळ खचतो. शिवाय भाजलेली भिंत निवताना तिचं स्वतःचं चुंबकत्व आजूबाजूच्या क्षेत्राला थोडं वाकवतं. म्हणून भिंत आणि तळ दोन्हीकडून नमुने घ्या. दिशा जुळली नाही, तर सहसा तळावर विश्वास ठेवावा. लोखंडी घमेली, फावडी, पट्ट्याचं बक्कल मोजणीच्या वेळी दूर हवं. नमुन्यांचा डबा गाडीत स्पीकरजवळ ठेवू नका.

प्रयोगशाळेत पुढे काय होतं, आणि निकाल चांगला आहे हे कसं ओळखायचं? (एक वाचक, नागपूर)

आधी प्रत्येक नमुन्याचं चुंबकत्व मोजतात. मग ते टप्प्याटप्प्याने पुसतात. त्यासाठी उलटसुलट होणारं क्षेत्र ५, १०, २०, ४० असं मिलिटेस्लात (चुंबकीय क्षेत्राच्या एककात) चढवत नेतात, किंवा क्षेत्र शून्य असलेल्या भट्टीत तापमान वाढवत नेतात. सुरुवातीच्या टप्प्यांत निघून जातो तो नंतरच्या शतकांत चढलेला कच्चा थर. त्यानंतर दिशा स्थिर राहिली, तर ती भट्टीची. पुसत गेल्यावरही दिशा भरकटतच राहिली, तर तो नमुना बाजूला काढतात.

अहवालात ‘अल्फा-९५’ हा आकडा पाहा. खरी सरासरी दिशा ९५ टक्के खात्रीने किती अंशांच्या शंकूत आहे, ते तो सांगतो. चांगल्या भट्टीत तो दोन-तीन अंशांवर येतो. पाचच्या वर गेला, तर कालमापनाचा आग्रह धरू नये. अहवालात किती नमुने गाळले आणि का, हे लिहिलेलं नसेल तर जरूर विचारा.

एकाच भट्टीला दोन-तीन वेगळे काळ का दिले जातात? हे अंदाजपंचे नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

नाही. क्षेत्र फिरत-फिरत पुन्हा जुन्या दिशेवर येतं, त्यामुळे आलेख स्वतःलाच छेदतो. लंडनचंच बघा. फक्त पूर्व-पश्चिम कोन, म्हणजे दिक्पात पाहिला तर १६६० आणि २०१९ सारखेच दिसतील. पण सुई क्षितिजाखाली किती झुकते तो कोन, म्हणजे नती, १६६०च्या सुमारास तिथे ७३-७४ अंश होती आणि आज सुमारे ६६ आहे. म्हणून दोन्ही कोन लागतात. काही वेळा दोन्ही कोनही दोन शतकांत सारखेच निघतात. तेव्हा मडक्यांची घडण, नाणी, थरांचा क्रम यांवरून एक पर्याय निवडावा लागतो. प्रामाणिक प्रयोगशाळा सगळे पर्याय देते. एकच तारीख देणाऱ्या अहवालाकडे जरा संशयाने पाहावं.

अचूकतेबद्दलही थोडं. लंडनमध्ये १५८० ते १८२० या २४० वर्षांत दिक्पात ३५ अंश बदलला, हे ऐकायला प्रचंड वाटतं. पण सुई इतकी उभी झुकलेली असताना प्रत्यक्षात तिचं टोक जेमतेम दहा अंश सरकलं. म्हणजे दिशेतली दोन अंशांची अनिश्चितता तिथे पन्नास वर्षांच्या घरात जाते. आणि ही परिस्थिती चांगली, कारण त्या काळात क्षेत्र वेगाने सरकत होतं.

फुटक्या मडक्यांवर किंवा सुट्या विटांवर हे चालतं का? (एक वाचक, पणजी)

दिशा मिळत नाही, कारण भाजताना वस्तू कशी ठेवली होती ते माहीत नसतं. विटा भट्टीत सपाट रचल्याची खात्री असेल, तर फार तर नती काढता येते. पण क्षेत्राची तीव्रता मिळू शकते. यासाठी फ्रान्सच्या एमिल तेलिए यांची पद्धत वापरतात. नमुना प्रत्येक टप्प्यावर दोनदा तापवतात, एकदा शून्य क्षेत्रात आणि एकदा माहीत असलेल्या क्षेत्रात. जुनं चुंबकत्व किती गेलं आणि नवं किती चढलं, यांच्या गुणोत्तरावरून प्राचीन तीव्रता निघते.

ही पद्धत वेळखाऊ आणि रुसकी आहे. तापवताना खनिजंच बदलली, तर या दोन आकड्यांच्या आलेखाची सरळ रेषा वाकते. म्हणून मधूनमधून आधीचं तापमान परत देऊन तपासणी करतात. खरी भट्टी निवायला एक-दोन दिवस घेते, प्रयोगशाळेची तासाभरात निवते. सावकाश निवलेली माती जास्त चुंबकत्व धरते, त्यामुळे ही दुरुस्ती न केल्यास तीव्रता काही टक्क्यांनी फुगते. चाकावर घडवलेल्या मडक्यांत कण एका पातळीत दबलेले असतात, त्याचीही वेगळी दुरुस्ती लागते.

तरीही फळ मोठं आहे. २०२३च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेसोपोटेमियाच्या ३२ विटा तपासल्या गेल्या. त्यांवर बारा राजांची नावं कोरलेली होती, म्हणजे काळ आधीच ठाऊक. त्यातून त्या प्रदेशाच्या तीव्रतेचा आलेख बळकट झाला. बाबिलोनचा राजा दुसरा नेबुकदनेझर याच्या कारकिर्दीत क्षेत्र फार थोड्या काळात लक्षणीय बदलल्याचंही दिसलं.

कार्बन-१४ असताना याची गरज काय? (एक वाचक, ठाणे)

इ. स. पू. ८०० ते ४०० या काळात कार्बनचा अंशांकन आलेख (मोजलेल्या कार्बनवरून वर्ष काढायचा आलेख) जवळपास आडवा आहे, त्यामुळे चारशे वर्षांतला कुठलाही काळ निघू शकतो. नेमक्या अशा ठिकाणी चुंबकीय पद्धत कामाला येते. इस्रायलमध्ये २०२२ साली १७ स्थळांवरच्या २१ जळित थरांची अशी तुलना झाली. त्यात इ. स. पू. ५८६ मधला जेरुसलेमचा विध्वंस हा तारीख पक्की असलेला खुंटा होता. शिवाय कार्बनसाठी तपासलेला कोळसा जुन्या लाकडाचा असू शकतो. भट्टीच्या मातीला ती अडचण नाही.

महाराष्ट्रातल्या भट्ट्यांचं असं वय काढता येईल? (एक वाचक, अहिल्यानगर)

मोजता येईल, पण तारखेला मर्यादा पडेल. ब्रिटन किंवा फ्रान्सला आहे तसा दाट नोंदींचा आलेख भारतासाठी नाही, आणि परक्या प्रदेशाचा आलेख पाचशे-हजार किलोमीटरपलीकडे लावू नये. जागतिक प्रारूपं वापरता येतात, पण आपल्याकडच्या नोंदी कमी असल्याने ती इथे ढोबळ पडतात. अलीकडच्या काळासाठी मात्र आपली बाजू भक्कम आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४०च्या दशकापासून चुंबकीय नोंदी आहेत. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४मध्ये काम अलिबागला हलवलं आणि दोन्हीकडे दोन वर्षं समांतर मोजणी करून साखळी अखंड ठेवली.

तोवर करण्यासारखं काम म्हणजे उलटं: नाणी किंवा कार्बनने काळ पक्का झालेल्या भट्ट्यांचे नमुने घेऊन आलेख भरणं. भट्टी मिळाली, की फोटो काढून उकरून टाकणं ही सवय त्यासाठी आधी सोडावी लागेल.

लाल माती दिसली म्हणजे ती भाजलेली असते का? (एक वाचिका, रत्नागिरी)

कोकणात तर मुळीच नाही, तिथली जांभ्याची माती जन्मतःच लाल. छेद घेऊन पाहा. जाळ लागलेली माती वर लाल किंवा काळी असते आणि काही सेंटिमीटर खाली रंग फिका होत मूळ मातीत मिसळतो. मग सुपारीएवढा तुकडा पाण्यात टाका. कच्ची माती थोड्याच वेळात विरघळून तळाशी गाळ होते, भाजलेली तशीच राहते. हा तुकडा अर्थात नमुन्यांच्या जागेपासून लांबचा घ्यावा.