नागपूरहून जाऊन गाड्यांच्या गर्दीशिवाय सपाट रस्त्यावर सायकल टूर कुठे करता येईल?

गाड्या अजिबातच नको असतील तर नेदरलँड्स, ऱ्हाईन-मास नद्यांचा त्रिभुज प्रदेश. तिथे नदीच्या बांधांवरून सायकलचे वेगळे ट्रॅक आहेत आणि ट्रॅक जिथे मिळतात तिथे नंबरची पाटी असते, आपण नंबर कागदावर लिहून घ्यायचे आणि निघायचं, मोबाईल सारखा काढावा लागत नाही. किंडरडाइकच्या 19 पवनचक्क्या याच भागात. चढ नाही पण समोरून वारा आला तर घाटाइतकाच दम निघतो, म्हणून रोजचं अंतर कमी ठेवा.

बजेट तेवढं नसेल तर सरळ आंध्र प्रदेशातलं कोनसीमा गाठा! गोदावरीच्या फाट्यांमधला भाग, धवळेश्वरमचा बंधारा 1852 ला पूर्ण झाला त्याच्या कालव्यांचं जाळं आहे, काठाकाठाने नारळाच्या सावलीत चालवत राहायचं. स्कूटर, ट्रॅक्टर येतातच, पण हायवे टाळला की फार त्रास नाही. नागपूरहून ट्रेनने विजयवाडा, तिथून राजमहेंद्री. नरसापूरला फेरी चालू आहे का आधी विचारा, सायकल चढवून पलीकडे सखिनेटिपल्लीला उतरलं की पुढे अंतर्वेदी, तिथे गोदावरीचा एक फाटा, वसिष्ठा गोदावरी, समुद्राला मिळतो, ते बघाच. ऑक्टोबर-नोव्हेंबर वादळांचा काळ, डिसेंबर-जानेवारीत जा आणि एक्स्ट्रा ट्यूब सोबत ठेवा.